मनोरुग्णाचे शरीर

माझ्या थोरल्या भावाला मधुमेह आहे आणि स्किझोफ्रेनियाही आहे. घरी आलेल्या पाहुण्यांना यांपैकी मधुमेह सहज सांगता येतो. तो ऐकल्यावर मेथीचे दाणे रात्री भिजत घालावेत, कारल्याचा रस अनशापोटी घ्यावा, जांभळाच्या बियांची पूड अमक्या दुकानात चांगली मिळते, असे सल्ले निघतात आणि सल्ला देणाऱ्याच्या घरातील सगळ्या मधुमेहींची हकीकत त्यासोबत येते. दुसऱ्या आजाराचे नाव निघाले, तर तीच माणसे चहाचा कप बशीत नीट ठेवण्यात गुंतून जातात. वास्तविक दादाचा मधुमेह बराचसा त्या न बोलायच्या आजाराच्या औषधामागून आलेला आहे. हेही पूर्ण खरे नाही, कारण आमच्या वडिलांना मधुमेह होता आणि त्यांच्या आईलाही होता. दादाच्या रक्तातील साखरेत गोळ्यांचा वाटा किती, घराण्याचा किती आणि तो दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असे त्या काळाचा किती, याची वाटणी आता कोणालाच करता येणार नाही. मला लिहायचे आहे ते या शरीराकडे पाहण्याचे काम नक्की कोणाचे, याविषयी.

त्याला पहिली काही वर्षे ओलान्झापिन होते. या गोळीने त्याच्या कानांतले आवाज मागे सरले, झोप आली, सांगितल्यावाचून तो आंघोळीला जाऊ लागला. आणि त्याला भूक लागू लागली. ही भूक मी जवळून पाहिली आहे. चवीने जेवणाऱ्याच्या भुकेशी तिचे काही नाते नसते. पानावरून उठल्यावर थोड्याच वेळात ती माणसाला पुन्हा डबे उघडायला लावते, आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचूच देत नाही. औषधशास्त्राकडे याचे कारण आहे: मेंदूतील डोपामिन या रसायनाला आवर घालणारी ही औषधे हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांच्या काही ग्राहींनाही, म्हणजे ती जिथे जाऊन चिकटतात त्या जागांनाही, अडवतात, आणि त्यांतील काहींचा संबंध भुकेशी व तृप्तीशी असतो. आईला मात्र एवढेच दिसत होते, की इतक्या काळानंतर पोरगा ताटात काही टाकत नाही. नातेवाईकही तब्येत सुधारली म्हणून आनंदले. या औषधांनी वजन सर्वांत झपाट्याने वाढते ते उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत, म्हणजे नेमके ज्या काळात सगळे घर सुटकेचा निःश्वास सोडत असते आणि जेवणाऱ्याचा हात धरण्याचे कोणाच्या मनातही येत नाही, त्याच काळात.

वैद्यकाला हे आज कळलेले नाही. इंग्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ हेन्री मॉड्स्ली यांनी १८७९ मध्ये, या गोळ्यांपैकी एकही अस्तित्वात नसताना, वेड असलेल्या घराण्यांत मधुमेह पुष्कळदा आढळतो असे नोंदवून ठेवले होते. पॅरिसमध्ये १९५२ साली क्लोरप्रोमाझिनपासून औषधांचे युग सुरू झाले. त्या जुन्या औषधांनी हातापायांना कंप आणि ताठरपणा येई. पुढच्या पिढीच्या औषधांनी तो त्रास बराच कमी केला, पण त्यांतील काहींनी त्याच्या जागी वजन आणि साखर आणली. शेवटी २००४ साली अमेरिकेतील मधुमेहाच्या आणि मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र बसून वेळापत्रकच आखून दिले. औषध सुरू करण्यापूर्वी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातील चरबी मोजावी. वजन पुन्हा चौथ्या, आठव्या व बाराव्या आठवड्याला घ्यावे. रक्तदाब आणि साखर बाराव्या आठवड्याला आणि त्यानंतर दरवर्षी पाहावी. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हावे, असा आकडाही उपलब्ध आहे. यासाठी लागते काय, तर वजनकाटा, शिंप्याकडे असते तसली टेप, रक्तदाबाचे यंत्र आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी होणारी रक्ताची तपासणी.

मानसोपचाराच्या ओपीडीत वजनकाटा असतो. आम्ही जिथे जिथे गेलो तिथे तो मी पाहिला आहे, बहुधा कपाटाशेजारी, वर जुन्या फायलींचा गठ्ठा घेऊन उभा. यात डॉक्टरांना दोष देणे फार सोपे आहे आणि ते मला करायचे नाही. बाहेरच्या बाकांवर पहाटेच्या एसटीने आलेली माणसे बसलेली असतात, त्यांना परतीची गाडी गाठायची असते, आणि आत झोप कशी आहे, आवाज येतात का, गोळ्या वेळेवर घेतो का, एवढे विचारून होईतो पुढच्या नंबराचा पुकारा झालेला असतो. साखरेचा विषय काढला की डॉक्टर म्हणतात, "ते फिजिशियनना दाखवून घ्या." फिजिशियन केसपेपरवरील गोळ्यांची नावे वाचतात, चष्म्यावरून आमच्याकडे पाहतात आणि म्हणतात, "या गोळ्यांना मी हात लावणार नाही, तुमच्या सायकिॲट्रिस्टना विचारा." दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. दोघांच्या मधला निरोप्या घरचा माणूस असतो, आणि ज्याच्या घरी असा माणूस नाही त्याचा निरोप कोठेच पोहोचत नाही.

या निरोपाची किंमत किती असते, हे जागतिक आरोग्य संघटनेने तीव्र मानसिक आजार असलेल्यांच्या शारीरिक आरोग्याविषयी २०१८ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे: अशा व्यक्तींचे आयुष्य इतरांपेक्षा साधारण १० ते २० वर्षांनी कमी भरते. हा आकडा सांगितला की ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा आत्महत्या येते. आत्महत्येचे प्रमाण या आजारांत खरोखरच जास्त आहे आणि तिची धास्ती प्रत्येक घरात असते. आमच्या घरात गच्चीच्या दाराची किल्ली कित्येक वर्षे आईच्या कमरेला होती. पण गमावलेल्या या वर्षांतील मोठा भाग हृदयविकार, श्वसनाचे आजार, मधुमेह आणि जंतुसंसर्ग यांच्यापायी जातो, म्हणजे ज्यांवर उपाय आहेत आणि जे इतर माणसांत वेळेवर ओळखले जातात अशाच आजारांपायी. ज्या दाराला आपण कुलूप लावून बसलो होतो त्याच्या शेजारची सगळी दारे सताड उघडी होती, हे मला तो अहवाल वाचल्यावर कळले.

ओलान्झापिनने आवाज मागे सरले होते, गेले मात्र नव्हते. म्हणून पुढे दादाला क्लोझापिन सुरू झाले. दोन औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ देऊनही गुण न आलेल्यांसाठी राखून ठेवलेले हे औषध आहे, आणि त्याचा इतिहास विलक्षण आहे. १९७५ साली फिनलंडमध्ये हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी घटल्या आणि जंतुसंसर्गाने त्यांतले काही दगावले. त्यानंतर अनेक देशांत ते मागे घेतले गेले किंवा त्याच्या वापरावर कडक बंधने आली. १९८८ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांमध्ये ते सरस ठरले आणि नियमित रक्ततपासणीच्या अटीवर ते परत आले. सुरुवातीचे महिने दर आठवड्याला, मग महिन्याला, अशी पेशींची मोजणी करावीच लागते. पुढे २००९ साली त्याच फिनलंडमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या ११ वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा सर्वांत कमी मृत्यू क्लोझापिन घेणाऱ्यांत झाल्याचे दिसले. वजन आणि साखर वाढवण्यात हे औषध ओलान्झापिनच्या तोडीचे असूनही असे का व्हावे, याविषयी तज्ज्ञांत वाद आहेत. औषध आत्महत्या रोखते हे एक कारण सांगितले जाते. दुसरे एक कारण असे सुचवले जाते, की रक्त द्यायला येणारा हा रुग्ण वारंवार कोणाच्या तरी नजरेसमोर येत राहतो. मला हे दुसरे कारण पटते. अर्थात माझ्यापाशी पुरावा काही नाही, पण पेशींच्या तपासणीमुळेच दादाचा हात दर महिन्याला कोणी तरी हातात घेऊ लागले होते आणि त्याच रक्तात साखरही पाहिली जाऊ लागली होती.

नजर मात्र पांढऱ्या पेशींवरच खिळलेली राहिली, आणि क्लोझापिन आतड्यांची हालचालही मंद करते याकडे कोणी पाहिले नाही. आमच्यासारख्या घरांत सकाळी उठल्यावर "पोट साफ झाले का?" हा प्रश्न म्हाताऱ्यांपासून तान्ह्या मुलांपर्यंत सगळ्यांना विचारला जातो, मानसोपचाराच्या खोलीत तो मी क्वचितच ऐकला. क्लोझापिनमुळे होणारे बद्धकोष्ठ इसबगोलाने भागेल असे साधे नेहमीच नसते. ते वाढत जाऊन आतडे अडू शकते, आणि त्यात माणसे दगावतात.

एका रात्री दादा पोट धरून बसला आणि म्हणाला, "माझ्या पोटात कोणी तरी दगड भरतंय." आम्ही त्याला जवळच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेले. तिथल्या डॉक्टरांनी चालू औषधांची यादी वाचली, दादाचे ते वाक्य जसेच्या तसे केसपेपरवर उतरवून घेतले आणि त्यापुढे भ्रम असा शेरा लिहिला. पोटावर हात ठेवून पाहिला गेला नाही. सकाळी सायकिॲट्रीचा कॉल लावू, तोवर झोपेचे इंजेक्शन देऊ, असे ठरत होते. शिफ्ट बदलली, एक तरुण निवासी डॉक्टर आली, तिने आधी पोट तपासले आणि मग एक्स-रे काढायला सांगितला. पोटात दगड भरल्यासारखे वाटावे, एवढे आतडे खरोखरच तुंबले होते. दादाने आपल्या दुखण्याचे केलेले वर्णन पूर्णतः अचूक होते. ते त्याच्या तोंडचे होते, एवढाच त्याचा दोष होता. तेच शब्द माझ्या तोंडून निघाले असते, तर ते पोटदुखीचे लक्षण म्हणून लिहिले गेले असते, याविषयी मला शंका नाही. मानसिक आजाराचे निदान एकदा कागदावर आले, की पुढची प्रत्येक तक्रार त्या निदानाच्या सावलीत जाते, ही गोष्ट वैद्यकीय लिखाणात गेली चाळीसएक वर्षे मांडली जात आहे. तरी रात्रपाळीच्या टेबलापर्यंत ती पोहोचलेली मला दिसली नाही.

विडीची गोष्टही अशीच दोन खात्यांच्या मध्ये पडून राहते. विडी-सिगारेटच्या धुरातील काही घटक यकृतातील एका विकराला चेतवतात आणि ते विकर क्लोझापिनचा फडशा लवकर पाडते. त्यामुळे विडी ओढणाऱ्याला मात्रा जास्त लागते. तोच माणूस वॉर्डात भरती झाला आणि विडी बंद झाली, की थोड्याच दिवसांत रक्तातील औषध वाढते, गुंगी चढते, लाळ गळते, क्वचित झटकाही येतो. घरी परतून त्याने पहिली विडी पेटवली, की ते पुन्हा उतरू लागते आणि आवाज परतण्याची शक्यता निर्माण होते. हा परिणाम निकोटिनचा नसून धुराचा असल्यामुळे तंबाखू मळून खाणाऱ्याला हा हिशेब लागू पडत नाही. म्हणजे रुग्ण तंबाखू घेतो का एवढे विचारून चालत नाही, कशी घेतो तेही विचारावे लागते. आणि व्यसन सोडणाऱ्या रुग्णाचे कौतुक करतानाच त्याची मात्रा तपासावी लागते.

आतापर्यंत मी मनाच्या आजारामागे दडलेल्या शरीराविषयी लिहिले. उलट दिशेची वाहतूकही तितकीच आहे. आमच्या आत्याला पतीच्या निधनानंतर नैराश्याची गोळी सुरू झाली होती आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आधीपासून होती. एका आठवड्यात ती मला तिच्या गेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागली, रात्री उठून दार उघडून बसू लागली, आणि घरात म्हातारचळ, करणी, स्मृतिभ्रंश असे सगळे तर्क झाले. तपासणीत सोडियम फार खाली आलेले निघाले. या दोन्ही प्रकारच्या गोळ्या सोडियम उतरवू शकतात, आणि वयस्कर माणसाला त्या एकत्र मिळाल्या तर धोका वाढतो. "सोडियम कमी झालं" हे वाक्य हल्ली आपल्याकडे प्रत्येक कुटुंबात एखाद्या आजोबा-आजीविषयी ऐकू येते. ते एवढे सर्वश्रुत होऊनही, म्हातारे माणूस अचानक बरळू लागले की आधी त्याच्या मनाकडेच बोट दाखवले जाते. अशा अचानक आलेल्या गोंधळामागे लघवीचा संसर्ग असेल, न्यूमोनिया असेल, साखर उतरलेली असेल. कारण बहुधा मानेच्या खालीच सापडते.

१९४९ हे वर्ष मला या संदर्भात नेहमी आठवते. त्या वर्षी इंग्लंडमधील रिचर्ड अ‍ॅशर यांनी थायरॉइड ग्रंथी मंदावल्यामुळे वेड लागल्यासारखी अवस्था झालेल्या १४ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियम गुणकारी ठरते असे दाखवले. गुंता असा, की हेच लिथियम बऱ्याच रुग्णांमध्ये थायरॉइड मंद करते. त्यामुळे लिथियम घेणारी बाई सुस्त, उदास, जड झाली, तर ती उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून आणणाऱ्या तिच्या आजाराची नैराश्याची फेरी आहे की थायरॉइडची करामत आहे, हे तिच्याशी कितीही वेळ बोलून कळणार नाही. रक्त तपासावेच लागेल. लिथियम शरीराबाहेर टाकणाऱ्या मूत्रपिंडाचेही तसेच. उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी झाले किंवा गुडघेदुखीवर औषधाच्या दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून घेतले, तर लिथियमची पातळी चढू शकते. विदर्भातल्या मे महिन्यात आणि चिठ्ठीशिवाय वेदनाशामक मिळणाऱ्या आपल्या बाजारात हे वाक्य लिथियमच्या प्रत्येक पाकिटावर मराठीत छापायला हवे.

एकेकाळी युरोपातील वेड्यांच्या इस्पितळांत मोठ्या संख्येने दिसणारा एक भयंकर आजार उपदंशाचा होता. १९१३ साली त्याचे जंतू रुग्णांच्या मेंदूत सापडले, मलेरियाचा ताप मुद्दाम आणून हा आजार बरा करण्यासाठी वाग्नर-याउरेग यांना १९२७ चे नोबेल मिळाले, पेनिसिलिन आले, आणि आजार मनोविकारशास्त्राच्या हातून निसटून संसर्गजन्य रोगांच्या यादीत गेला. कारण सापडले की खाते बदलते, असा हा रिवाज आहे. आपल्या दख्खनचे उदाहरण अधिक जवळचे आहे. पेलाग्रा या आजारात त्वचा काळवंडते, हगवण लागते आणि मन ढासळते. जगभर तो मका खाणाऱ्या गरिबांचा आजार मानला जाई. हैदराबाद येथे सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकंटिया यांना तो ज्वारी खाणाऱ्यांत दिसला, आणि १९६० साली त्यांनी ज्वारीतील ल्युसिन या घटकाच्या आधिक्याशी त्याचा संबंध जोडला. भाकरीच्या जोडीला डाळ, दूध, शेंगदाणे असणाऱ्याला ज्वारीची भीती नाही. ज्याच्या ताटात भाकरीशिवाय दुसरे काही नव्हते, त्याच्या उदासीचे आणि भ्रमाचे मूळ त्या ताटात होते.

आज ताटाशी जोडलेला आपल्याकडचा प्रश्न बी-१२ चा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे केलेल्या अभ्यासांत या जीवनसत्त्वाची कमतरता पुण्याच्या परिसरात फार मोठ्या प्रमाणावर दिसून आली, आणि शाकाहार हे तिचे एक मुख्य कारण आहे. बी-१२ उतरले की हातापायांना मुंग्या येतात, विसराळूपणा येतो, मन उदास राहते, क्वचित भासही होतात. दादाच्या बाबतीत हे वर्तुळ पुरे होते. मनाच्या गोळीने वजन आणि साखर वाढली, साखरेसाठी मेटफॉर्मिन आले, मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ चे शोषण घटते, आणि बी-१२ घटले तर पुन्हा मनच बिघडते. त्यातून आमचे घर शाकाहारी.

कायद्याने हे सगळे एका ओळीत मिटवले आहे. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे २१ वे कलम सांगते, की मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला सर्व आरोग्यसेवांत शारीरिक आजार असलेल्यांच्या बरोबरीने वागवावे; तातडीची सेवा आणि रुग्णवाहिका त्याच दर्जाची मिळावी; आणि आरोग्यविमाही त्याच धर्तीवर मिळावा. विम्याच्या बाबतीत हे कलम निदान दाखवून भांडता तरी येते. कॅज्युअल्टीच्या टेबलावर पोटाला हात न लावता लिहिलेल्या शेऱ्याशी ते कसे भांडणार? तिथे समानता मोजायची झाली, तर तिचे माप पोटावर ठेवलेल्या हाताएवढेच आहे.

गोव्यातील संगाथ या संस्थेच्या पुढाकाराने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि चिंता यांच्यासाठी प्रशिक्षित सल्लागार बसवून पाहिले गेले. हे सल्लागार डॉक्टर नव्हते, तरी सरकारी केंद्रांत येणाऱ्या रुग्णांना त्यांचा उपयोग झाल्याचे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. अंगदुखी आणि थकवा सांगायला आलेल्या माणसाच्या मनाची विचारपूस शरीराच्या दवाखान्यातच झाली, हे मला फार शहाणपणाचे वाटते. मनाच्या दवाखान्यात शरीराची विचारपूस करणारे कोणी बसवावे, अशी उलट व्यवस्था मात्र आपल्याकडे फारशी रुजलेली नाही.

गोळी बदलून पाहावी का, असे आमच्या डॉक्टरांनी मध्यंतरी सुचवले. वजन कमी वाढवणारी औषधे आहेत, त्यांतील एखादे जोडून क्लोझापिनची मात्रा उतरवता येईल का, असा त्यांचा विचार होता. त्यांनी तो आमच्याशी न बोलता थेट दादाशी बोलून दाखवला, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "साखर माझ्याशी बोलत नाही. ते बोलायचे." त्याला मात्रा उतरवायची नव्हती. चालायला जायची, मेटफॉर्मिन घ्यायची आणि चहा बिनसाखरेचा करायची त्याची तयारी होती, पण पुन्हा त्या आवाजांत परतण्याची जोखीम त्याला नको होती, आणि दोन्ही धोके नीट समजावून सांगितल्यावर माणसाने केलेली ती निवड होती. ती चूक आहे असे फिजिशियनना वाटले, योग्य आहे असे सायकिॲट्रिस्टना वाटले. आणि या प्रश्नावर त्या दोघांचे एकमेकांशी फोनवर बोलणे झाले, ही आमच्या अनुभवातली नवी गोष्ट होती.

सध्या आम्ही जातो त्या ओपीडीत एका सिस्टरने स्वतःहून एक पद्धत पाडली आहे. नंबर लागायच्या आधीच त्या रांगेतल्या प्रत्येकाला काट्यावर उभे करतात, कमरेला टेप लावतात, रक्तदाब घेतात आणि तीन आकडे केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईने लिहितात. आत गेल्यावर डॉक्टरांची नजर त्या लाल आकड्यांवर पडतेच. दादाची कंबर दोन सेंटिमीटरने उतरली आहे, बी-१२ ची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. सिस्टरांची बदली झाली तर काटा पुन्हा कपाटाशेजारी जाईल, असे रांगेतले लोक बोलतात. म्हणून आमच्यापैकी काही जणांनी ही पद्धत ओपीडीच्या लेखी नियमांतच घालावी, असा अर्ज दिला आहे. अर्ज मानसोपचार विभागाकडे द्यायचा की मेडिसिनकडे, हे खिडकीवर विचारले तेव्हा आतल्या माणसाने दोन्हीकडे एकेक प्रत द्यायला सांगितले.